पन्नीवरचा अंगठा

"मॅडम, हजार! हजार डिग्री झालं!"

"दिसून राह्यलं बाबा, ओरडू नका ना," अपूर्वा म्हणाली आणि जीभ चावली. कॉलेजात बाबा म्हणायचं नाही, हा नियम गुणाकरांचाच होता. बालाघाटच्या या कॉलेजात ते चौतीस वर्षं प्रयोगशाळा सेवक होते आणि तीन वर्षांपासून त्यांची मुलगी तिथंच भौतिकशास्त्र शिकवत होती. घरी ती अपू, इथं मॅडम.

आज ३० नोव्हेंबर २००९. गुणाकरांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. उद्यापासून ही खोली कॉम्प्युटरवाल्यांकडे जाणार होती. सिलिंडरमध्ये मिथेनही एका खेपेपुरताच उरला होता.

अपूर्वाला तांब्यावर ग्राफीन वाढवायचं होतं. पेन्सिलीच्या शिशात असतो तोच कार्बन, पण थर एका अणूइतका जाड. त्याच वर्षी परदेशात कोणीतरी तांब्यावर तो मोठ्या तुकड्यात वाढवल्याचं वाचलं, त्या दिवशी तिनं घरी येऊन चपलाही न काढता ते सांगितलं होतं. गुणाकरांनी फक्त विचारलं, "भट्टी किती गरम लागते?" आणि दीड महिन्यात स्वतःच्या हातानं तार गुंडाळून भट्टी उभी केली. तांब्याची पन्नी, कागदासारखा पातळ पत्रा, दिल्लीहून आली, तेव्हा मात्र ते चिडले. "मलाजखंडले तांब्याचा डोंगर हाये, अन् आपून दिल्लीले मांगून राह्यलो!"

चार खेपा फसल्या होत्या. दोनदा लाइट गेली, एकदा नळी गळली. चौथ्यांदा भट्टी फार सावकाश निवली आणि थर विस्कटला. तेव्हा गुणाकरांनी भट्टीलाच चाकं लावली. पन्नी क्वार्ट्झ काचेच्या नळीत जागच्या जागी, आणि वेळ झाली की आख्खी भट्टी रुळावरून बाजूला.

"वायू सोडते," अपूर्वा म्हणाली. कार्बन देणाऱ्या मिथेनची तोटी तिनं हळूच फिरवली.

दारात भैयालाल चपराशी उभा राहिला. "गुणाकरभाऊ, चला ना! साहेब हार घेऊन उभे हायेत. समोसे ठंडे होऊन राह्यले!"

"माया हिश्शाचा तूच खाय. दहा मिनिटं कोणी हलू नका."

"रिटायर झाल्यावरबी भट्टीच फुकान का घरी?"

"हौ. तुया लग्नाच्या टायमाले आणतो तिकडं!"

पन्नाशीचा भैयालाल हसला, पण गेला नाही. लाइट जाऊ नये म्हणून तोही छताकडे बघत उभा राहिला.

दहा मिनिटं झाली. "आता!" गुणाकरांनी भट्टी ढकलली. चाकं खडखडली, लाल नळी उघडी पडली आणि हळूहळू काळवंडत निवली.

परीक्षा सोपी होती. पन्नी उघड्या हवेत तापवायची. कोरं तांबं लगेच काळपट लाल होतं, पण थर बसला असेल तर तो हवेला आत येऊ देत नाही. अपूर्वानं चिमट्यानं दोन तुकडे हॉटप्लेटवर ठेवले, एक कोरा, एक आजचा.

कोरा तुकडा मिनिटभरात काळवंडू लागला. आजचा चमकत राहिला.

"बाबा! बाबा, बसला! बसला!"

आणि मग त्या चमकत्या तांब्याच्या एका कोपऱ्यात बारीक तांबूस रेषा उमटू लागल्या. गोल, एकात एक. अंगठ्याचा ठसा.

गुणाकरांचा चेहरा उतरला. "मायाच हाये तो. सकाळी पन्नी आत ठेवली... आखरी दिवस होता. हात लावून पाया पडलो मी. हातमोजा काढून." कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी त्याला शिवून हात कपाळाला लावायचा, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय. उघड्या बोटाचं तेल लागलं की तिथं थर बसत नाही, म्हणून फक्त या पन्नीपुरती ती अपूर्वानं बंद केली होती. "खराब केलं ना मी, मॅडम?"

अपूर्वा हसत होती आणि डोळे पुसत होती. "तुमचा अंगठा सोडून सगळीकडं बसलाय बाबा."

भैयालालनं मान पुढे करून पाहिलं. "साहेबाची सही लागते, तशी गुणाकरभाऊनं मोहर मारली!"

हार घालून घेताना गुणाकरांचं लक्ष हाराकडे नव्हतं. शेजारच्या माणसाला ते दोन्ही हातांनी भट्टी ढकलून दाखवत होते.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. दोन दिवसांचा ताप, बस.

तेरवी झाल्यावर अपूर्वा कॉलेजात गेली. कपाटातून तिनं काचेची डबी काढली. पन्नीच्या कडा आता थोड्या मळकटल्या होत्या, पण कोपऱ्यातली प्रत्येक रेष शाबूत होती. तिनं हातमोजा घातला आणि आपला अंगठा त्या अंगठ्यावर नेला. बरोब्बर वर धरला, टेकवला मात्र नाही.