मध्यम हातांची ओंजळ

ताजुन्निसाला पहिला मुलगा झाला ते एकोणीसशे एकतीस साल. लेकीच्या घरी नातवाचं तोंड बघून रज्जाक तळेगावाहून इंदुरीला चालत परतला, तो ईदच्या आदल्या दिवशी. रोजा होता, तरी पाय हलके पडत होते. आज मशिदीच्या ओट्यावर तांदळाची रास पडणार आणि आपण मापायला बसणार, हेच वाटभर त्याच्या डोक्यात होतं.

इंदुरीत मुसलमानांची दहा-बारा घरं. ईदच्या नमाजाआधी दर माणशी गोरगरिबांसाठी धान्य काढायचं, त्याला फित्रा म्हणतात. किताबात त्याचं माप एक साअ. साअ म्हणजे चार मुद, आणि मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. एवढं सगळ्यांना पाठ होतं. ओंजळ कुणाची, हे कुणी विचारलं नव्हतं. वीस वर्षं ती रज्जाकची होती, त्याच्याआधी त्याच्या बापाची. घराण्याचे पंजेच सुपाएवढे. चार ओंजळींत टोपली शिगोशीग भरायची. घेणारी बाई म्हणायची, "रज्जाकभाऊच्या हाताला बरकत हाय." ते वाक्य त्याला वर्षभर पुरायचं.

त्या दिवशी ओट्यावर त्याच्या जागी नसीर बसलेला. नसीर त्याचा चुलतभाऊ, दहा वर्षांनी धाकटा, लोणावळ्यात शिंपीकाम करून नुकताच गावी आलेला. मांडीवर किताब उघडी.

"भाऊ, हितं लिव्हलंय," नसीर म्हणाला. "मुद म्हंजी मध्यम हातांची ओंजळ. लय मोठे न्हाईत, लय बारके न्हाईत."

"मग माजे हात तोडून टाकू का?"

लोक हसले. नसीरही हसला, आणि रज्जाकला तेच लागलं. जमातीतले म्हातारे चाचा म्हणाले, "किताबात हाय म्हंजी झालं. नसीर, तूच माप."

टोपल्या चार बोटं उण्या राहिल्या. संध्याकाळी रोजा सोडताना रज्जाकला खजूरही कडू लागला.

"सुई धरायचे हात ते," तो बायकोला म्हणाला. "मेहमुदा, तुला वाचाया येतं. मला शिकीव."

"त्यापरीस मीच वाचून सांगते की."

"म्हंजी लोक म्हनतील, बायकूनं सांगितलं. मला माज्या डोळ्यांनी बघायचंय."

बावन्नाव्या वर्षी त्यानं चुलीपुढच्या राखेत अक्षरं गिरवली. शेजारच्या दत्तोबानं बांधावरून हाळी दिली, "काय रज्जाक, म्हातारपनी तलाठी व्हतूस का काय?"

"येकच ओळ वाचायची हाय, दत्तोबा. मग समदं इसरनार हाय."

अलिफ हे उर्दूचं पहिलं अक्षर पावसाळ्यात हाताला बसलं, जोडाक्षरं भात कापणीपर्यंत छळत राहिली. नांगर धरलेल्या बोटांत काडी थरथरायची. मध्येच मान वर करून तो नसीरच्या दाराकडे बघायचा. कुणी सदरा शिवायला जात होतं, कुणी काहीबाही विचारायला. आज किती गेले, ते रज्जाक मोजायचा. मेहमुदानं त्यालाही नसीरकडून सदरा शिवून आणला. तो अंगाला इतका नेमका बसला, की रज्जाकनं पुन्हा घातलाच नाही.

पुढच्या रमजानात एका दुपारी मशीद रिकामी बघून त्यानं किताब उघडली. ओळीवर बोट ठेवून वाचलं. परत वाचलं. मध्यम हातांची. वर्षभर ज्या अक्षरांची मनधरणी केली, ती नसीरच्याच बाजूला जाऊन उभी राहिली.

ईदच्या आदल्या दिवशी रास पडली. चाचा म्हणाले, "रज्जाक, तू बी वाचाया शिकलास म्हनं. सांग बरं, काय लिव्हलंय?"

त्यानं किताब घेतली. त्या शब्दावर बोट दाबून धरलं.

"नुसती ओंजळ लिव्हलीय. मध्यम-बिध्यम कायबी न्हाई."

सगळे नसीरकडे वळले. नसीरनं त्या जाड बोटाकडे पाहिलं. खाली काय झाकलंय, ते त्याला ठाऊक होतं.

"माजीच वाचन्यात चूक झाली असंल," तो म्हणाला आणि जागेवरून उठला. "बसा, भाऊ."

रज्जाक मापायला बसला. टोपल्या शिगोशीग भरल्या. बाई म्हणाली, "हाताला बरकत हाय," पण ते वाक्य त्याला घरापर्यंतही नेता आलं नाही. टोपल्या उचलून देणारा नसीर समोरच होता. आपण खोटं बोलून जागा घेतली, हा गप्प राहून मोठा झाला. रज्जाकला आता त्याच्या त्या गप्प राहण्याचाही हेवा वाटू लागला.

सांगून टाकावं म्हणून तो दोनदा नसीरच्या घरापर्यंत गेला. दोन्ही वेळा आत चार माणसं बसलेली दिसली. याच्याकडे कायम माणसं कशी, असं मनात आलं आणि तो दारातूनच परतला.

त्यानंतरच्या ईदच्या आदल्या दिवशी मात्र त्यानं ओट्यावर सगळ्यांसमोर किताब उघडून ती ओळ मोठ्यानं वाचली. "हे गेल्या वर्षी बी हितंच व्हतं," तो म्हणाला. "मी दडवलं. नसीर खरा व्हता." मग चाचांनी एका मध्यम हातांच्या माणसाला पुढे बोलावलं. रज्जाक टोपल्या उचलून देऊ लागला.

ते ऐकायला नसीर नव्हता. तो चार महिन्यांपूर्वी, एकोणीसशे बत्तीसच्या भाद्रपदात, तापानं वारला होता.