आठ थेंब आणि एक रंग

लाकडी स्टँडला भोके सहा होती आणि काचेच्या नळ्या चार. शेजारी स्पिरिटचा दिवा एक, चिमटा एक, ड्रॉपर एक आणि निळ्या द्रावणाची बाटली, अर्धी भरलेली. मित्रांनो, त्या चार नळ्यांपैकी जिच्या काठाचा टवका उडाला आहे ती मी. मी एक जुनी परीक्षानळी आहे.

वितळलेल्या काचेतून माझा जन्म झाला आणि दुर्गच्या एका दुकानातून मी भिलाईच्या क्वार्टरमध्ये आले. साल १९८४. घर श्रीधरचे. तो पोलाद कारखान्यात क्लार्क होता. त्याची बायको शैला रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून मी तिच्या हाती. श्रीधरच्या आई सिंधुताई आर्वीकडच्या खेड्यातून नुकत्याच इथे राहायला आल्या होत्या. त्यांना मधुमेह निघाला होता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

नात सुमेधा तान्ही होती. सिंधुताईंना तिचा चेहरा दिसत नसे. बोटांनी चाचपून त्या विचारत, "नाक कोनावर गेलं वं, शैला?"

"यांच्यावर."

"मंग झालं. लगनाच्या वक्ती तरास देईन ते."

त्या हसत, पण बोट त्या नाकावरून लवकर उचलत नसत. उपाशीपोटी रक्तातली साखर एकशे चाळीसच्या खाली आल्याशिवाय डोळ्याचे ऑपरेशन करणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

रोज सकाळी शैला माझ्यात पाच मिलिलीटर निळे द्रावण ओतायची, लघवीचे आठ थेंब टाकायची आणि मला दिव्यावर धरायची. साखर नसेल तर मी निळीच राहते. थोडी असेल तर हिरवी, मग पिवळी, नारिंगी. फार असेल तर विटकरी. मला निळे राहायचे असे, पण मी रोज विटकरी होत होते. गोळ्या चालू, चहा बिनसाखरेचा, तरीही विटकरी. द्रावण बिघडले की काय, म्हणून शैलाने शेजारच्या नळीत तेच द्रावण घेऊन साध्या पाण्याचे आठ थेंब टाकून उकळून पाहिले. ती निळीच राहिली. मग कापसाचा बोळा लावून, गाळासकट तिने सिंधुताईंबरोबर मलाही दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी विचारले, "अम्मा, मीठा बंद है ना?"

"कब का बंद. दाल में नहीं, भाजी में नहीं. घास गले के नीचे उतरता नहीं, इसलिए साथ में गूळ खाती ना."

पहिल्या भेटीच्या वेळी शैला बाळापाशी घरी होती आणि श्रीधर औषधांच्या रांगेत. एकट्या सिंधुताईंनी 'मीठा' ऐकले आणि मीठ सोडले. रक्तदाबासाठी सांगितले असेल, असे घरच्यांना वाटले.

"आई, मीठा म्हणजे गोड," शैला हसू दाबत म्हणाली.

"कावून हासून राहिली वं? इतके दिवस अळणी खाल्लं मी."

डॉक्टर रागावले नाहीत. गूळ, साखर, मध शरीराला सारखेच, हे त्यांनी शैलाकडून मराठीत सांगवले आणि सिंधुताईंकडून पुन्हा म्हणवून घेतले. भाताची वाटी ठरली, चालणे ठरले, गोळी बदलली. नळी निळी आली म्हणजे सगळे ठीक का, असे शैलाने विचारले. तसे नाही, ते म्हणाले. रक्तात साखर बरीच वाढल्यावरच ती लघवीत दिसते, म्हणून रक्त तपासावेच लागेल, आणि रंग पाहून गोळी घरी कमी-जास्त करायची नाही.

पुढे लघवीत बुडवून रंग पाहायच्या, बाटलीतल्या पट्ट्या आल्या. आता मी कपाटाच्या वरच्या फळीवर असते. दिव्याची ऊब आठवते. धुतल्यावर शैला मला खिडकीच्या उजेडात धरायची, तसे आता कोणी धरत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला मधुमेह असेल तर डॉक्टर काय म्हणाले ते त्या माणसाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. शंका आली तर पुन्हा दवाखान्यात जा. मी रंग दाखवते, उपाय मला ठाऊक नसतो.

ज्या संध्याकाळची मला फार आठवण येते, ती सांगून थांबते. मी बरेच दिवस निळी राहत होते, तरी खात्रीने कोणी बोलत नव्हते. श्रीधर रक्ताचा रिपोर्ट घेऊन आला. सिंधुताई सुमेधाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"वाच ना, बाप्पा."

"बूट तर काढू दे, आई."

"बूट मंग काढजो."

त्याने कागद दिव्याकडे धरला. उपाशीपोटी, एकशे अठ्ठावीस.