मंगळवारची तपासणी

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत सुमनताईंच्या तोंडी लागायला भलेभले कचरायचे. आशा कार्यकर्ती म्हणून बारा वर्षं त्या ह्याच गल्ल्या तुडवत होत्या. कोणाच्या घरी लोणच्याची बरणी कितव्या फळीवर असते आणि कोणाच्या गोळ्यांची पट्टी न फोडता तशीच पडलेली असते, सगळं त्यांना पाठ. दर मंगळवारी दहाला मारुतीच्या ओट्यावर सतरंजी पडायची, वर रक्तदाबाचं मशीन, आणि मग ज्याचा दाब जास्त त्याची सर्वांसमक्ष खरडपट्टी.

“महिपतराव, एकशेसत्तर. काल रात्री काय खाल्लंत?”

“काही नाही हो. वरणभात.”

“आणि?”

“दोन पापड,” म्हातारा पुटपुटला. “लोणच्याशिवाय घास उतरत नाही बघा.”

“म्हणजे पापड आणि वर लोणचं. अहो, असंच चाललं तर घास वर-खाली करायचा प्रश्नच मिटेल एक दिवस.”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण हेच महिपतराव दुसऱ्या दिवशी पापडाचा डबा शेजारी देऊन आले. सुमनताईंचं असंच होतं. बोलणं तिखट, पण माणूस आपल्यासाठी जीव तोडतंय हे कळायचं.

पालथ्या घड्यावर पाणी फक्त एका घरी पडायचं. ते वनमालाचं घर. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन ह्या छावनीत आल्या. वनमाला साताऱ्याकडची, सुमनताई ग्वाल्हेरच्याच. छत्तीस वर्षांत भांडल्या नाहीत असा आठवडा नसेल. वनमालाचा दाब चढा, साखर वाढलेली, वडील आणि भाऊ दोघंही हृदयविकारानं गेलेले. तरी बरं वाटलं की बाई गोळी बंद करायची.

“बरं वाटतंय ते गोळीमुळंच वाटतंय ना, बये!”

“उद्यापासून घेते गं.”

“तुझा उद्या कधी उजाडत नाही.”

संक्रांतीच्या आधी सुमनताई तिळाची गजक घेऊन तिच्याकडे गेल्या, तेव्हा मात्र भांडल्या नाहीत. एक तुकडा तिच्या हातावर ठेवला, बाकी पुडा सुनेकडे दिला आणि म्हणाल्या, “हे बघ वनमाला, माझं काही ऐकू नकोस, पण एवढं ऐक. छातीत जराही काही वाटलं तर मला निरोप पाठव. मी हातातलं टाकून येईन.” वनमाला हो म्हणाली. पहिल्याच बोलण्याला हो म्हणाली, ह्याचंच सुमनताईंना नवल वाटलं.

तिची सून विनिता ग्वाल्हेरातच वाढलेली, घरात मराठी आणि दाराबाहेर सगळी हिंदी. पोरगी गुणी, सासूला आईसारखं बघणारी. नवरा समरजीत नोकरीसाठी नोएडाला, त्यामुळे घरात ह्या दोघीच. विनिताला ‘ळ’ म्हणता यायचा नाही. काळी डाळ तिच्या तोंडी काली दाल व्हायची. सुमनताई चिडवायच्या, “अगं, उद्या बाळाला बाल म्हणशील, लोक न्हाव्याकडे पाठवतील.” विनिता लाजून हसायची, आणि वनमाला म्हणायची, “राहू दे गं, माझ्या सुनेला नाही येत तर नाही येत.”

तर तो जानेवारीतला मंगळवार. धुकं अकरापर्यंत उठलं नव्हतं. ओट्यावर कानटोप्यांची रांग लागली होती, आणि थंडीत दाब चढतो म्हणून सुमनताईंनी सगळ्यांना मुद्दाम बोलावलं होतं. वनमाला सलग तीन मंगळवार आलेली नव्हती. साडेदहाच्या सुमारास विनिताचा फोन आला.

“काकू, आई म्हणतायत, सुमनला सांग, कल येते.”

सुमनताईंच्या एका हातात महिपतरावांचा दंड, दुसऱ्यात फोन. दिवसभर हिंदी बायकांना “कल आना, दीदी, परसों नहीं,” सांगून त्यांची जीभ आणि कान दोन्ही हिंदीला सरावलेले. त्यांना राग आला. पुन्हा उद्या.

“बरं. ठीक आहे म्हणावं तिला,” त्या फटकन बोलल्या आणि फोन ठेवला. मग महिपतरावांना म्हणाल्या, “आली बघा हिची उद्याची गाडी.”

त्या दिवशी त्यांनी एकतीस जणांचा दाब मोजला. घरी जाऊन जेवल्या, ऊन आलं म्हणून गच्चीवर जरा आडव्याही झाल्या. चारला विनिताचा दुसरा फोन आला तेव्हा ती नुसती रडत होती. सुमनताई चपला न घालता धावल्या. वनमाला पुढच्या खोलीत, दाराजवळच्या दिवाणावर होती. हात गार पडले होते. बारा वर्षं लोकांच्या नाड्या बघितलेल्या सुमनताईंनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि बराच वेळ उचलली नाहीत.

नवव्या दिवशी त्या विनिताजवळ बसल्या होत्या. समरजीत सामान आणायला गेला होता. विनिता आपणहून बोलायला लागली. माणूस गेल्यावर शेवटचा दिवस पुन्हापुन्हा सांगावासा वाटतो, तसं.

“आई ना उस दिन कुछ अलग ही थीं, काकू. मी फोनवरून सांगितलं ना तुम्हाला कल येते म्हणून, मग मी आत जाऊन म्हटलं, काकू ठीक आहे म्हणाल्या. तर आई म्हणाल्या, बरं झालं, दाराची कडी लावू नकोस, सुमन येईल. मला वाटलं, गोंधळ होतोय त्यांचा. कल तर त्याच येणार होत्या तुमच्याकडे.”

सुमनताईंनी विचारलं, “कडी काढून ठेवायला सांगितली?”

“हो. आणि म्हणाल्या, मी इथेच पडते. दुपारी मी दोनदा पाहिलं, मला वाटलं, सो रही हैं.”

साताऱ्याची वनमाला. तिनं आयुष्यात कधी ‘उद्या’ला ‘कल’ म्हटलं नव्हतं. कल येते नव्हे. कळ येते. छातीत कळ येते, सुमनला सांग. आणि सुमननं उत्तर पाठवलं, ठीक आहे. ती बापडी दार उघडं ठेवून वाट बघत राहिली, आणि इकडे आपण ऊन खात पडलो. त्या उठल्या, मोरीत गेल्या, नळ सोडला आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडल्या.

आता हे सांगायचं कसं? गप्प बसावं तर कोणालाच कळणार नव्हतं. पण छावनीत निम्म्या घरांत हीच गत: म्हातारी माणसं मराठीत दुखणार, सुना-नाती हिंदीत ऐकणार. आज वनमाला गेली, उद्या महिपतराव जातील. आणि सांगावं, तर चोवीस वर्षांच्या ह्या पोरीला जन्मभर वाटत राहील, माझ्या जिभेनं आई गेल्या. सुमनताईंनी तीन रात्री कूस बदलत काढल्या. तोंडाळ बाईला पहिल्यांदाच शब्द सापडत नव्हता.

तेरावं झालं. पुढच्या मंगळवारी सतरंजी पडली. विनिताही आली, मागे भिंतीला टेकून बसली. सुमनताईंनी मशीन काढलंच नाही.

“आधी माझी चूक ऐका,” त्या म्हणाल्या. “वनमालानं मला निरोप पाठवला होता. विनितानं फोनवर अगदी स्पष्ट सांगितलं, कळ येते. ऐकलं मी चुकीचं. मला कल ऐकू आलं. पोरीची काही चूक नाही, माझ्या कानाची आहे.”

महिपतराव खाली बघत होते. एक बाई हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही तरी...” सुमनताईंनी ते ऐकून घेतलं.

“आणखी एक चूक. मी तुम्हा सगळ्यांना सांगत आले, मला निरोप द्या. ते विसरा. आधी १०८ ला फोन, मग मला. आणि शब्दांवर जाऊ नका. कोणी कळ म्हणेल, कोणी दर्द, कोणी म्हणेल गॅस झालाय, कोणी नुसतंच म्हणेल घाबरल्यासारखं होतंय. माणसाचा हात कुठे जातोय ते बघा. छातीवर गेला, डाव्या खांद्यावर गेला, जबड्यावर गेला, थंडीत घाम फुटला, की विचारत बसू नका. हात खोटं बोलत नाही.”

त्यांनी प्रत्येकाकडून ते म्हणवून घेतलं, हात ठेवून दाखवायला लावलं. महिपतरावांनी दोनदा दाखवलं. मग दाब मोजले आणि माणसं पांगली. विनिता तेवढी थांबली. सतरंजीची घडी घालायला तिनं दुसरं टोक धरलं.

“काकू, तुम्ही खोटं का सांगितलंत?”

“काय खोटं?”

“मी स्पष्ट बोलले म्हणून. मला येतच नाही तो शब्द. मला तर माहीतच नव्हतं असा काही शब्द असतो.”

“बोललीस तू. मी ऐकलं ना,” सुमनताई रेटून म्हणाल्या. “तुझ्या मनाला लावून घेऊ नकोस. शब्दाचंच झालं सगळं, दुसरं काही नाही.”

विनितानं घडी घातलेली सतरंजी पोटाशी धरली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“शब्दाचं जाऊ द्या, काकू. सांगताना आईंचा हात इथे होता.” तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “मैंने देखा था। मला वाटलं, स्वेटरचं बटन लावतायत.”

सुमनताईंनी तिच्या हातातून सतरंजी घेतली, खाली ठेवली आणि तिला जवळ घेऊन तिथेच ओट्यावर बसल्या.