वटवाघळांच्या ओढ्याकाठची व्हॅन

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे. सिडनीच्या पश्चिमेला, ब्लॅकटाउनमध्ये, एका पत्र्याच्या शेडमागे मी आता उभी असते. माझ्या डाव्या दाराला गंज चढला आहे. पुढच्या चाकांतली हवा गेली आहे आणि बॉनेटखाली एका कोळ्याने संसार थाटला आहे. तुम्ही जवळून गेलात तर भंगारातली गाडी म्हणून माझ्याकडे बघणारही नाही. पण एकेकाळी माझ्या पोटात एक दवाखाना होता.

सुरुवातीची काही वर्षे मी पाव वाहिले. पहाटे बेकरीतून निघायचे आणि दुकानादुकानापुढे थांबायचे. पुढे बेकरीने नवी गाडी घेतली. जखमी रानटी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका संस्थेने मला विकत घेतले. पावाचे ट्रे काढून तिथे स्टीलचे टेबल बसवले. छताला दिवा, कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर, औषधांसाठी छोटा फ्रिज, हात धुवायला बेसिन आणि मागच्या भागासाठी वेगळा एसी. रानातला प्राणी दवाखान्यात येत नाही, आणि त्याला लांब न्यायचे म्हटले तर तो वाटेत भीतीनेच मरतो. म्हणून दवाखान्यानेच त्याच्याकडे जायचे, हे माझे काम ठरले.

डॉक्टर व्हॅलेरी या दवाखान्याच्या मुख्य. त्या मूळच्या वसईच्या, केळीच्या वाडीत वाढलेल्या. मुंबईत जनावरांच्या डॉक्टर झाल्या आणि इथे आल्यावर पुन्हा सगळ्या परीक्षा दिल्या. इथल्या माणसांशी त्या इंग्रजीत बोलत, पण टेबलावरच्या प्राण्याशी मराठीतच. मोटारीने उडवलेला कांगारू असो की पायात गळ अडकलेला हंस, त्याच्या मानेवर हात ठेवून त्या म्हणत, "गप, बाळा. झालंच." माझे स्टिअरिंग उल्हासच्या हातात असे. तो ठाण्याचा इंजिनियर, आठवडाभर ऑफिस आणि सुट्टीच्या दिवशी मी.

ती वर्षे माझ्या कौतुकाची होती. शाळेतली मुले मला बघायला यायची आणि माझ्या दारावर कोआलांची चित्रे चिकटवायची. पण मला आज तुम्हाला सांगायचे आहे ते एका दुपारीबद्दल.

जवळच्याच पेंडल हिल या उपनगराच्या पलीकडे एक ओढा आहे. त्याच्या काठच्या झाडांवर हजारो वटवाघळे राहत. फळे आणि फुलांतला मध खाणारी ही मोठी वटवाघळे, गळ्याभोवती नारिंगी केसांचा पट्टा असलेली. ओढ्याला लागून घरे होती आणि घरांतली माणसे वटवाघळांना कंटाळली होती. त्यांतलीच एक कौमुदी. ती आणि तिचा नवरा हृषिकेश पुण्याहून येऊन फार दिवस झाले नव्हते. आम्ही तिकडे गेलो की ती कुंपणापाशी येई.

"डॉक्टर, यांना दुसरीकडे हलवता नाही का येत?" ती एकदा म्हणाली होती. "कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही. पहाटे पहाटे नुसता कलकलाट."

"ही रात्रभर उडतात आणि जाता जाता झाडांचं बी पेरतात," डॉक्टर म्हणाल्या. "इथलं अर्धं रान यांच्या जिवावर उभं आहे."

"असेल. पण वास माझ्या किचनमध्ये येतो."

त्यात तिचे काही खोटे नव्हते. वास येतच असे.

जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा. त्या जानेवारीत उन्हाची भयंकर लाट आली. सकाळपासूनच वारा भट्टीतून आल्यासारखा वाहत होता. दुपारी आम्ही ओढ्यावर पोचलो तेव्हा झाडांवर विचित्र शांतता होती. वटवाघळे पंखांनी स्वतःला वारा घालत होती, अंग चाटत होती आणि सावली शोधत एकेका फांदीने खाली सरकत होती. बुंध्यापाशी त्यांचे घोसच्या घोस झाले. मग ती टपाटप पडू लागली. कितीतरी माद्यांच्या छातीला पिल्ले चिकटलेली होती.

संस्थेची माणसे जाड हातमोजे घालून झाडांवर पाणी फवारत होती. जी अजून धुगधुगत होती ती माझ्याकडे आणली जात. डॉक्टर एकामागून एकाला कातडीखाली सलाईन देत आणि ओल्या फडक्यात ठेवत. रहिवासी कुंपणाजवळ जमले होते. काही जण मदतीला पुढे यायला बघत होते. उल्हासने त्यांना अडवले.

"कोणीही हात लावू नका, प्लीज. काही वटवाघळांच्या अंगात रेबीजसारखा रोग असतो. साध्या ओरखड्यानेही माणसाला होऊ शकतो, आणि एकदा झाला की त्याला औषध नाही. आम्ही आधीच लस घेतली आहे. तुम्ही नाही."

"आणि कोणाला ओरखडलं तर?" कोणीतरी विचारले.

"तर त्या माणसाला लगेच हॉस्पिटलमध्ये न्यायचं. आणि त्या वटवाघळाला मारून त्याची तपासणी करायची. जिवंतपणी ती होत नाही."

कौमुदी तिथेच उभी होती. तिने हे ऐकले आणि ती घराकडे वळली.

थोड्या वेळाने ती परत आली. दोन्ही हातांत किचन टॉवेलची गुंडाळी होती आणि त्यातून एक एवढेसे तोंड बाहेर आले होते. माझ्या मागच्या पायरीवर तिने ती गुंडाळी ठेवली. ठेवताना तिचा हात माझ्या दारातल्या दिव्याखाली आला. मनगटावर एक बारीक लाल रेघ होती. तिने चटकन कुर्त्याची बाही खाली ओढली.

"माझ्या लिंबाखाली पडलं होतं. आई मेलीय त्याची," ती म्हणाली. "सोडतच नव्हतं तिला."

"तू हात लावलास?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही. टॉवेलनेच उचललं."

"नख लागलं? चावलं?"

"नाही हो डॉक्टर. तुम्ही आधी त्याला बघा ना."

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. पण मागून कोणीतरी आणखी तीन वटवाघळे घेऊन आले आणि त्या तिकडे वळल्या. कौमुदी गेली.

मित्रांनो, मी जे पाहिले ते मी कोणाला सांगणार? माझ्याकडे हॉर्न आहे, पण तो दाबायला माणसाचा हात लागतो. माझ्या पोटातले पिल्लू कोणीतरी तोंडात दिलेली रबरी चोखणी चोखत शांत झाले होते. आणि शंभर पावलांवरच्या घरात एक बाई बाहीखाली ओरखडा लपवून बसली होती.

तेवढ्यात ओढ्याच्या वरच्या अंगाकडून फोन आला. तिकडे परिस्थिती आणखी वाईट होती. उल्हासने माझी दारे लावली आणि आम्ही निघालो. रस्त्यात डॉक्टरांना पहिल्यांदा उसंत मिळाली. त्यांनी पिल्लाची गुंडाळी उलगडली. टॉवेलवर रक्ताचा डाग होता.

त्यांनी पिल्लाचे तोंड उघडून पाहिले. पंखांचे पडदे उजेडात धरले. अंगठ्याची नखे, पाय, पोट, सगळे तपासले. कुठेही जखम नव्हती. पुन्हा एकदा तपासले. मग त्यांनी टॉवेलवरचा डाग पुन्हा पाहिला.

"उल्हास, गाडी वळव."

"आत्ता? तिकडे वाट बघतायत सगळे."

"तिला लागलंय. ती खोटं बोलली. तिचा नंबर आहे का आपल्याकडे?"

"नाही."

"मग वळव."

उल्हासने मला वळवले. पण उन्हामुळे कुठेतरी सिग्नल बंद पडले होते आणि स्टेशनकडचा रस्ता गाड्यांनी तुंबला होता. आम्ही इंचाइंचाने सरकत होतो. माझ्या इंजिनाचे पाणी तापू लागले. समोरचा काटा लाल पट्ट्याकडे चढताना मला स्वतःला जाणवत होता.

"मागचा एसी बंद करावा लागेल," उल्हास म्हणाला. "नाहीतर ही इथेच बसेल."

"मागे बारा जीव आहेत."

"माहितीय मला. पण गाडी बंद पडली तर त्यांचंही काही खरं नाही."

डॉक्टरांनी त्या बारा जिवांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "बंद कर."

माझ्या पोटातला गार वारा थांबला. डॉक्टरांनी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या फडक्यांवर ओतल्या आणि एका फाइलच्या पुठ्ठ्याने त्या वारा घालत राहिल्या. घाम त्यांच्या हनुवटीवरून टेबलावर पडत होता. एक मादी तेवढ्यात गेली. त्यांनी तिच्यावर फडके ओढले आणि बाकीच्यांना वारा घालणे सुरू ठेवले. मी त्या दिवशी जीव तोडून धावले असे म्हणणार नाही, कारण धावायला रस्ताच नव्हता. मी फक्त बंद पडले नाही.

कौमुदीच्या घरापुढे पोचताच उल्हासने एसी पुन्हा लावला आणि पाण्याची बादली घेऊन तो बॉनेटकडे पळाला. डॉक्टरांनी बेल वाजवली. दार जरा उशिराच उघडले.

"हात दाखव," डॉक्टर म्हणाल्या.

"कशाला?"

"टॉवेलवर रक्त आहे. पिल्लाला कुठेच लागलेलं नाही."

कौमुदी दाराच्या कडीला धरून उभी राहिली. "तुम्ही त्याला मारणार," ती म्हणाली.

"कौमुदी, आधी हात."

तिने बाही वर केली. मनगटावर एक छोटी चिकटपट्टी होती. डॉक्टरांनी तिला माझ्या बेसिनपाशी आणले, पट्टी काढली आणि तिचे मनगट वाहत्या पाण्याखाली धरले. साबण लावला, धुतला, परत लावला. किती वेळ त्या धुतच होत्या. लहान मुलीचे हात धुवावेत तसे.

"मी सगळी इंजेक्शनं घेते," कौमुदी म्हणाली. "जेवढी सांगाल तेवढी. मग त्याला कशाला मारायचं?"

"मी फोन करून विचारते," डॉक्टर म्हणाल्या.

त्या आरोग्य खात्याच्या माणसाशी फोनवर बराच वेळ बोलल्या. पिल्लू लहान आहे, निरोगी दिसते आहे, बाई उपचार घ्यायला तयार आहे, सगळे सांगितले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा बघून कौमुदीला उत्तर कळले.

"तपासणी करावीच लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त तुझ्यासाठी नाही. आज कितीतरी माणसं या झाडांखाली काम करतायत. रोग या वसाहतीत आहे का, हे कळायला हवं."

"त्याची आई माझ्या दारात मेली," कौमुदी म्हणाली. "आणि मीच म्हणत होते ना, यांना हलवा म्हणून. मला वाटलं, एक तरी..."

उल्हास तिला तिच्याच गाडीतून हॉस्पिटलमध्ये नेणार होता. ती निघाली, दोन पावले गेली आणि परत फिरली. "मी थांबू इथे? ते होईपर्यंत?"

"थांब," डॉक्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी हे काम दुसऱ्या कोणावर ढकलले नाही. पिल्लाला त्यांनी तळहातावर घेतले. चोखणी त्याच्या तोंडातच राहू दिली आणि नाकाशी गुंगीच्या वायूचा छोटा मास्क धरला. "गप, बाळा," त्या म्हणाल्या. "झालंच." पिल्लाचे चोखणे हळूहळू थांबले. मग त्यांनी इंजेक्शन दिले. कौमुदी माझ्या पायरीशी उभी होती. तिने नजर हटवली नाही.

ती आणि उल्हास गेल्यावर डॉक्टरांनी हात धुतले आणि स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. वरच्या अंगाला अजून काम बाकी होते.

काही दिवसांनी तपासणीचा निकाल आला. पिल्लाला रोग नव्हता. डॉक्टर फोनवर सांगू शकल्या असत्या, पण त्या मला घेऊन कौमुदीच्या घरी गेल्या. कौमुदी चहाचा कप घेऊन माझ्या पायरीवर बसली होती.

"म्हणजे ते चांगलं धडधाकट होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी हात लावला नसता, नुसती तुम्हाला हाक मारली असती, तर ते जगलं असतं."

डॉक्टरांनी तिची समजूत काढली नाही. त्या तिच्या शेजारी बसल्या. "आणि तू गप्प राहिली असतीस," त्या म्हणाल्या, "आणि त्याला रोग असता, तर आज मी हृषिकेशला काय सांगणार होते?"

चहा तसाच निवला.

आता उरलेल्या इंजेक्शनांची गरज नाही, असे हॉस्पिटलने कौमुदीला सांगितले. वटवाघळांचे काम करता यावे म्हणून तिने तरीही विचारून घेऊन लस पूर्ण केली. पुढच्या उन्हाळ्यात ती ओढ्यावर आली ती कोपरापर्यंत जाड हातमोजे घालून. कलकलाटाची तक्रार ती अजूनही करते, पण झाडांवर पाणी फवारता फवारता. त्या वर्षी तिने घरात चार अनाथ पिल्ले वाढवली. ती मोठी होऊन उडून गेली तेव्हा तिने त्यांचा फोटोही काढून ठेवला नाही. रानातल्या प्राण्याला रानातच जाऊ द्यायचे, असे ती हृषिकेशला सांगत होती.

मित्रांनो, त्यानंतर मी आणखी काही वर्षे धावले. मग माझे इंजिन वरचेवर तापू लागले, आणि तापणाऱ्या गाडीवर प्राण्यांचा जीव टांगून ठेवता येत नाही. संस्थेने नवी गाडी घेतली. माझे टेबल, माझा फ्रिज, माझे बेसिन तिच्यात बसवले. मला वाईट वाटले, पण ते योग्यच झाले. आता कधीतरी उल्हास येतो, माझ्या काचेवरची धूळ पुसतो आणि जातो. शाळेतली मुले आता येत नाहीत.

म्हणून इथूनच तुम्हाला एक विनवणी करते. कुठे एखादा रानातला जीव पडलेला दिसला, तर त्याला उचलायला धावू नका, आणि तसाच टाकून पुढेही जाऊ नका. लांब उभे राहा, कुत्र्या-मांजरांना आणि गर्दीला दूर ठेवा आणि ज्यांना हे काम येते त्यांना हाक मारा. ते येईपर्यंत तिथून हलू नका. आणि चुकून लागलेच, कितीही बारीक, तर लगेच कोणा मोठ्या माणसाला सांगा. तुम्ही प्रेमापोटी हात लावलात म्हणून कोणी तुमच्यावर रागावणार नाही. पण लपवलेला ओरखडा कोणालाच धुता येत नाही.