शार्दूलची माफी

शार्दूल माफी मागायला लागला की ऐकणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं, इतकी ती सुरेख असे. हात जोडलेले, आवाज ओला, वर मोगऱ्याचा गजरा. लग्नाच्या अकरा वर्षांत त्याच्या बायकोला, दमयंतीला, एवढे गजरे मिळाले की सुकापूरच्या त्या सोसायटीतल्या बायका तिचा हेवा करत. गजरा कशाबद्दल आला हे कुणी विचारत नसे.

यंदा दमयंतीच्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. ते लेकीकडे राहायला आले. दर शनिवारी नऊला त्यांना पनवेलला फिजिओथेरपीसाठी न्यायचं होतं आणि दमयंतीला शनिवारी ऑफिस.

"अण्णा माझी जबाबदारी!" शार्दूलने छातीवर हात ठेवला.

पहिल्या शनिवारी त्याला मित्र भेटला. दुसऱ्या शनिवारी झोप लागली. तिसऱ्या शनिवारी तो चक्क विसरला. तिन्ही वेळा अण्णा बूट घालून, काठी धरून दाराशी दुपारपर्यंत बसून राहिले. तिन्ही वेळा संध्याकाळी गजरा आला.

तिसरा गजरा दमयंतीने सरळ कचऱ्यात टाकला. "यापुढे ह्या घरात सॉरी म्हणायचं नाही."

"अगं, पण चुकलं तर माणसाने म्हणायचं काय?"

"काही नाही. नऊला गाडी काढायची."

बिचाऱ्याचं भांडवलच गेलं. दोन दिवस तो तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा फिरला. शनिवारी मात्र साडेआठलाच गाडी पुसत उभा! दमयंतीने हाफ डे टाकला आणि फौजदारासारखी मागच्या सीटवर बसली. असे पाच शनिवार गेले.

सहाव्या शनिवारी ती ऑफिसला गेली. साडेनऊला त्याचा फोन आला.

"मला जागच आली नाही. अण्णा बूट घालून बसले होते. क्लिनिकला फोन करून अकराची वेळ घेतलीय. आता निघतोय."

पुढच्या रडगाण्यासाठी दमयंतीने सवयीने फोन कानापासून जरा लांब धरला. पण रडगाणं आलंच नाही. हा माणूस एवढं सरळ बोलू शकतो, हे तिला अकरा वर्षांत कळलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "अण्णांना दे."

अण्णांनी जड जिभेने साक्ष दिली, "गाडीत बसलोय गं. जावई घामाघूम झालाय. बरं वाटतंय बघायला."

दमयंतीला हसू फुटलं. पुढच्या शनिवारी तिने खात्री करायला फोन केला, पण एकदाच.