नावेचं बारसं

मित्रांनो, मी यमुनेवरची एक जुनी लाकडी होडी. दिल्लीत थंडी पडली की पांढरे पाणपक्षी माझ्याभोवती गोळा होतात आणि त्यांना शेव टाकायला माणसं येतात. त्या गर्दीत तुम्ही मला पाहिलंही असेल.

साल वृक्षाच्या टणक लाकडातून मला घडवलं. फटींत दोरी ठासली, वरून गरम डांबर फासलं आणि बनवारी नावाड्याने मला पाण्यात ढकललं. माझ्या मधोमध चौरंगाएवढं टेबल होतं. घाटावरून गरम पराठे यायचे आणि लोक पाण्यावर डुलत जेवायचे. नवी जोडपी, छावणीतल्या फौजींची कुटुंबं, सगळ्यांना मी फिरवलं. कुणी माझं कौतुक केलं की बनवारी माझ्या कडेवर थाप मारायचा.

मग शेजारच्या घाटावर काचेची मोठी बोट आली. तिच्यात गाणी, गार हवा, मऊ खुर्च्या! लोक तिकडे वळले. माझं डांबर तडकलं, तळातून पाणी झिरपू लागलं. एके दिवशी नोएडातल्या हॉटेलचा माणूस आला. मला अर्धं कापून, बर्फ भरून त्याला माझ्यात काकडी-टोमॅटोचं सॅलड मांडायचं होतं.

"कल ले जाना," बनवारी खाली बघत म्हणाला. नदी सुटणार, या विचाराने माझ्या फळ्या आकसल्या.

त्याच दुपारी सरोजिनी नगरच्या शालिनीआजी आपल्या नातीला, अवनीला घेऊन आल्या. काचेच्या बोटीत घरचा डबा चालत नव्हता, म्हणून माझ्याकडे.

"आजी, माझे शूज भिजले यार!"

"मग काढ की! नदीवर आलीस का मॉलमध्ये?"

डब्यातून गुळपोळ्या निघाल्या. बनवारीच्या हातावरही एक पडली.

"हिचं नाव काय, विचार गं," आजी म्हणाल्या.

"अंकल, इसका नाव क्या है?"

बनवारी गोंधळला. "बिटिया, यही तो नाव है!"

आजी हसून हसून वाकल्या. "अरे बाबा, हमारे में नाम को नाव बोलते हैं."

"और नाव को?"

"होडी."

"हुडी? वो तो बिटिया ने पहनी है!"

हसू ओसरल्यावर बनवारी हळूच म्हणाला, "नाम तो कभी रखा ही नहीं, माताजी. और कल तो ये कटने जा रही है."

आजींचा घास हातातच राहिला. "बिननावाची पाठवणी? छे! अवनी, तू हिची आत्या. कानात कुर्रर्र कर."

"कान कुठेय हिला?"

"असेल तिथे पुढे, टोकाशी!"

अवनी ओणवी झाली. "कुर्रर्र... गुळपोळी!"

रिवाजाप्रमाणे आजींनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "अगं, हे काय नाव?"

"स्वीट आहे ना पण!"

"गुल... पोली," बनवारी पुटपुटला. 'ळ' काही त्याच्या जिभेवर बसेना. घाट येईपर्यंत तो वल्ही मारत तेच घोकत होता.

सकाळी हॉटेलवाला टेम्पो घेऊन आला.

"नहीं जी," बनवारी म्हणाला. "अब इसका नाम है."

"तो क्या हुआ?"

"तो घर की हो गई."

हॉटेलवाला बडबडत निघून गेला. बनवारीने त्याच दिवशी डांबर तापवलं. आता माझ्या टोकावर पांढऱ्या रंगात 'गुलपोली' लिहिलंय आणि घरचा डबा आणणारी मंडळी मला शोधत येतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी सायकल किंवा खुर्ची कुरकुरत असेल. जुनी झाली म्हणून तिला नावं ठेवू नका. तिला एक नाव ठेवून बघा.