स्वप्न न पडणाऱ्या सुनेची मच्छरदाणी

मी एक मच्छरदाणी आहे. पांढरी होते, आता चहा गाळायच्या फडक्याच्या रंगाची झालेय. एका बेटावरच्या गेलेल्या माणसांना मी घरात येऊ देत नाही, असा माझ्यावर एकदा भर सभेत आरोप झाला. मच्छरदाण्यांच्या अख्ख्या जातीत एवढी बदनामी दुसऱ्या कुणाची झाली नसेल. म्हणून म्हटलं, आपली हकीकत आपणच सांगितलेली बरी.

माझा जन्म पलीकडच्या किनाऱ्यावर, एका शिंप्याच्या दुकानात झाला. त्याची एकुलती एक मुलगी लग्न होऊन बेटावर निघाली होती. बेटावर डास फार, असं त्यानं ऐकलं होतं. त्यानं जाळीच्या कापडाचे तीन तागे सोडवले, एकेक डोळ्यांसमोर धरून पाहिला आणि सगळ्यात बारीक भोकांचा निवडला.

"यातनं डासाचा बापसुद्धा जाणार नाही," तो म्हणाला.

"बाबा, वारा तरी जाईल ना?" मुलीनं विचारलं.

शेवटचा कोपरा शिवताना त्याला सुईत दोरा ओवता येईना. चष्मा डोळ्यांवर होता, तरीही. मुलीनं त्याच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवून दिला.

मग मी, शिवणयंत्र आणि एक ट्रंक असे आम्ही होडीतून बेटावर आलो. होडी नवऱ्याचीच. तो माणसं आणि सामान या काठावरून त्या काठावर नेणारा नावाडी. स्वभावानं चांगला, पण बोलण्यात कंजूष. काहीही विचारा, उत्तर एकच, "बघू." छप्पर गळतंय? बघू. जेवायला बसायचं? बघू.

बेट तसं कुठल्याही बेटासारखंच होतं. धक्का, विहीर, शाळा, उतरत्या छपरांची घरं. फरक एवढाच की तिथली गेलेली माणसं जात नाहीत. ती स्वप्नात येतात आणि कामाचं सांगतात. मात्र एकाला सगळं कधीच सांगत नाहीत. सुरुवात एकाच्या स्वप्नात, मधला भाग दुसऱ्याच्या आणि शेवट तिसऱ्याच्याच. रोज सकाळी सगळे धक्क्याजवळच्या छपरीत जमतात. होड्या दुरुस्त करायची ती जागा. तिथं फळ्या टाकलेल्या आहेत, प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली. एकेकानं उठायचं आणि आपल्याला दिसलेला तुकडा सांगायचा.

ते तुकडे जोडायचं काम आमच्या सूनबाईच्या सासूकडे होतं. सगळं बेट तिला जोडआजी म्हणायचं. हातात एक लांब दोरी घेऊन ती बसायची आणि जुळलेल्या प्रत्येक तुकड्याला एक गाठ मारायची.

एकदा नावाड्याला लाल दार दिसलं, शाळेच्या बाईंना त्या दारामागून पाणी पाझरताना दिसलं आणि दोरवाल्या म्हाताऱ्यानं रहाट पाहिल्याचं सांगितलं. जोडआजीनं तीन गाठी मारल्या आणि म्हणाली, "विहिरीची, लाल दारामागची भिंत बघून या." भिंतीला दोन बोटं जातील एवढी भेग पडली होती. एका शिडीवरून सात वर्षं अबोला धरलेले दोन भाऊ होते. त्यांच्या गेलेल्या आईनं एकच स्वप्न अर्धं अर्धं करून दोघांना दिलं. पुढचं ऐकायचं तर एकमेकांना विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"सगळं एकालाच सांगितलं, तर तो शहाणा होऊन बसेल," जोडआजी म्हणायची. "मग बाकीच्यांना विचारतो कोण?"

अशा त्या बेटावर आमची सूनबाई आली, आणि तिला स्वप्नच पडेना. उशीला डोकं टेकलं की जी गाढ झोपायची, ती सकाळी धुतलेल्या पाटीसारखी कोरी उठायची. वाटेत भेटेल तो विचारायचा, "काय गं, काल काही दिसलं?" पोट साफ झालं का विचारावं, तसा सूर. मग उपाय सुरू झाले. डाव्या कुशीवर झोप. पाय समुद्राकडे कर. उशी काढ. दोन उशा घे. शाळेच्या बाईंनी एक जाड पुस्तक दिलं, ते वाचून तिला आणखीच गाढ झोप लागायला लागली. सहा महिन्यांत तिचं नाव पडलं, 'कोरडी'.

इतकं झालं तर हसण्यावारी नेता आलं असतं. पण बेटाचा नियम होता. बाहेरून आलेल्या माणसानं वर्षाच्या आत निदान एक तुकडा छपरीत आणायचा. नाहीतर त्याला फळीवर जागा नाही, आणि जागा नाही त्यानं पलीकडच्या काठावर जाऊन राहायचं.

नवऱ्याला तिनं विचारलं, "मला जावं लागलं तर?"

तो वल्हं पुसत होता. "बघू," म्हणाला. त्या दिवशी तिनं शिवणयंत्र इतक्या जोरात चालवलं की शिवायला आलेल्या होडीच्या एका शिडाला शिवणीच्या दोन ओळी जास्तीच्या पडल्या.

मग माझी पाळी आली. दोरवाल्या म्हाताऱ्यानं मला छपरीत मागवून घेतलं. हा दोर वळणारा, बेटावरचा सगळ्यात कडक माणूस. त्यानं माझ्या भोकात करंगळी घालून पाहिली.

"बघा. माझं नखसुद्धा जात नाही. माणूस जाईल कसा?"

"पण गेलेल्या माणसाला शरीर कुठं असतं?" सूनबाईनं विचारलं.

"शरीर नसतं. सवय असते," म्हातारा म्हणाला.

जोडआजीनं कात्री घेतली आणि माझ्या डाव्या अंगाला वीतभर खिडकी कापली. त्या वाटेनं पहिल्या फेरीला चौदा डास आले. आत्मा एकही आला नाही. पण खिडकी बुजवायची कशी? गेलेल्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखं दिसलं असतं. नवरा-बायको अंग खाजवत राहिली.

वर्ष संपायला चार दिवस उरले. दुपारची वेळ होती, नावाडी फेरीवर गेलेला. सूनबाई माझ्या आत बसून बटणं लावत होती. जोडआजी जाळी उचलून आत आली. यापूर्वी ती कधी आत बसली नव्हती.

"ऐक," ती म्हणाली. "आज मला दिसलं. माझी सासू धक्क्यावर उभी होती. एका हातात उसवलेलं शीड, दुसऱ्या हातानं मावळतीकडे बोट दाखवत होती. बोट मी ठेवते. शीड तू घे."

"घे म्हणजे?"

"उद्या उठायचं आणि सांगायचं, मला उसवलेलं शीड दिसलं."

"आई, हे खोटं झालं."

"खोटं कसं? स्वप्न खरंच आहे. झोप तेवढी माझी होती."

सूनबाईनं बटण खाली ठेवलं. "चाळीस वर्षं तुम्ही गाठी मारताय. त्यात खोटी एकही नाही."

"म्हणून तर एक चालून जाईल."

"पण का करताय असं?"

म्हातारी माझ्या खिडकीच्या सुटलेल्या दोऱ्यांशी चाळा करत राहिली. "घरात मशीनचा आवाज असतो," ती म्हणाली. "त्याची सवय झालीय आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी छपरी भरली. दोरवाल्याच्या हट्टापायी मलाही पुरावा म्हणून दोरीवर टांगलं होतं, त्यामुळे मला सगळं वरून दिसत होतं. कोपऱ्यात शिडांच्या गुंडाळ्या होत्या. धक्क्याला नावाड्याची होडी होती आणि तिच्यात एक गाठोडं ठेवलेलं होतं. जोडआजीनं बोटाचा तुकडा सांगितला. मग सूनबाई उठली.

"मला," तिनं सुरुवात केली, आणि थांबली. आजीनं गाठ मारायला दोरी धरली होती.

"मला काही दिसलं नाही," सूनबाई म्हणाली. "आईंना शीड दिसलं. उसवलेलं. ते मी माझं म्हणून सांगणार होते. पण मी शिडं शिवते. उद्या कुणी विचारलं, कुठं उसवलंय, किती उसवलंय, तर मी काय सांगू? ते शीड कुणाच्या तरी होडीचं असणार." मग ती सासूकडे वळली. "आई, कुठल्या बाजूला उसवलं होतं?"

जोडआजीनं दोरी मांडीवरून खाली ठेवली. "खालचा कोपरा. दोर बांधतात तिथं."

सूनबाई तशीच गुंडाळ्यांकडे गेली आणि एकेक सोडवून कोपरे चाचपू लागली. पाचवं शीड त्या दोन भावांचं निघालं. वरून धडधाकट होतं, पण बोटानं ओढल्याबरोबर कोपऱ्याची शिवण पिठासारखी सुटली. भाऊ तासाभरात मावळतीकडे मासेमारीला निघणार होते. धाकट्यानं ते शीड हातात घेतलं आणि थोरल्याकडे पाहिलं. थोरल्यानं दुसरा कोपराही ओढून पाहिला.

"शीड सापडलं ते बरं झालं," जोडआजी म्हणाली. "पण मी खोटी गाठ मारायला बसले होते. आता ही दोरी माझ्या हातात शोभत नाही."

मग दोरवाला म्हातारा खाकरला. सगळ्यांना वाटलं, आता हा दोघींनाही होडीत बसवतो.

"मला नऊ वर्षं काही पडलेलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" शाळेच्या बाईंनी विचारलं.

"बायको गेल्यापासून. ती येईल म्हणून वाट बघत पडतो, आणि वाट बघताना झोपच लागत नाही. मग माझी शेजारीण तिच्या स्वप्नातलं थोडं मला देते."

"आणि तो विहिरीचा रहाट?"

"तिचाच."

शेजारीण स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली होती. आधी थोरला भाऊ हसला, मग त्याचं बघून सगळी छपरी. दोरवाला हसला नाही. त्यानं खाली पडलेली दोरी उचलली, झटकली आणि सूनबाईपुढे धरली.

"हिला द्या," तो म्हणाला. "जिला स्वतःचं काही सांगायचं नसतं, ती दुसऱ्याचं नीट ऐकते. आणि ती जाळी खाली उतरवा. तिचा काही दोष नाही."

मला निर्दोष सोडलं ते असं. माफी कुणी मागितली नाही, पण माणसं मच्छरदाणीची माफी मागत नसतात.

जोडआजी फळीवर सरकली आणि सून तिच्याजवळ बसली. सभा उठल्यावर सूनबाई धक्क्यावर गेली. होडीतलं गाठोडं नवऱ्याचं होतं. त्यात त्याचे दोन सदरे, वस्तरा आणि तिच्या यंत्राचं तेल होतं.

"हे काय?" तिनं विचारलं.

"तुला जावं लागलं असतं तर मीही येणार होतो," तो म्हणाला. "बघू म्हणालो होतो ना. बघितलं."

त्यानंतर बरीच वर्षं दोघी शेजारी शेजारी बसून तुकडे जोडत राहिल्या. भांडायच्याही. गाठ सैल आहे की घट्ट, यावरून तर घरी येईपर्यंत. मग एका हिवाळ्यात जोडआजी गेली. म्हणजे तिथल्या रीतीनं गेली. आठवड्याभरात ती बेटभर हिंडायला लागली. सूनबाईच्या झोपेत मात्र तिचा पत्ता नव्हता. सूनबाई तशीच कोरडी राहिली होती.

पण निरोप येऊ लागले. सकाळी सकाळी दोरवाल्याची शेजारीण दारात यायची. "तुझ्या सासूनं सांगितलंय, पिंपावर झाकण ठेवत जा." धाकटा भाऊ खाली मान घालून म्हणायचा, "वहिनी, आजी म्हणत होत्या, नवऱ्याला गरम कपडे घालायला सांग." शाळेच्या बाई एकदा चिडूनच आल्या. "मी सबंध रात्र तुझ्या लोणी काढायच्या पद्धतीवर बोलणी खाल्ली. मला लोणी काढताही येत नाही." सूनबाई हसायची आणि दोरीला गाठ मारायची. पण तिला हवा होता तो निरोप येत नव्हता. त्या सकाळी आपण सगळ्यांसमोर खरं बोललो, सासूच्या हातची दोरी गेली, त्याचा तिला राग तर नाही ना, एवढंच तिला विचारायचं होतं. जिवंतपणी विचारायचं राहून गेलं होतं.

एका सकाळी छपरीत दोरवाला उठला. आता तो फार थकला होता, पण त्याला झोप लागायला लागली होती. "मला एक फळी दिसली," तो म्हणाला. "अर्धी रिकामी."

शेजारीण म्हणाली, "मला एक हात दिसला. फळीवर थोपटत होता. असा."

आणि मग नावाडी उठला. त्याला स्वप्नं पडायची, पण सांगायला तो महिन्यातून एकदाच उठायचा. "आई दिसली," तो म्हणाला. "बस म्हणाली. उन्हं वर आली, किती वेळ उभी राहशील, म्हणाली. मी तर निजलेलो होतो. म्हणजे ते मला नव्हतं."

त्या सकाळी सासूनं सरकून जागा दिली ती हीच फळी. सूनबाईनं तीन गाठी मारल्या. तिसरी मारायला तिला बराच वेळ लागला. ती घाई करत नव्हती, आणि इतर कुणीही केली नाही.

आता माझ्याविषयी. मी विरले. कोपरे आधी गेले, शिंप्याची दुहेरी शिवण मात्र शेवटपर्यंत टिकली. माझा एक तुकडा वाफ्यातल्या रोपांवर आहे, त्यांना पाखरांपासून राखतो. एक पाणी गाळायला आहे. उरलेली मी सूनबाईच्या शिवणाच्या डब्यात घडी करून पडलेय. दुपारी ती डबा उघडते तेव्हा मला वारा लागतो. तक्रार काही नाही. ज्यासाठी जन्मले ते डास मी जमेल तेवढे अडवले.

एकच विनवणी आहे. तुमच्या स्वप्नात कधी अनोळखी म्हातारी आली आणि उगाच तुमच्यावर खेकसली, तर मनाला लावून घेऊ नका. ती तुम्हाला बोलत नसेल. सकाळी उठा, शेजारी जा आणि विचारा, हे तुमचं तर नाही?